तळेवाडीला मास्तर टिकत नाही

रेड्याच्या डोळ्यांवर झापड बांधली की तो गोल गोल फिरतो आणि त्याला वाटतं, आपण कुठेतरी लांब चाललो आहोत.

०

पवारमास्तर गेले ते आई आजारी आहे म्हणून. पुढे त्यांच्या गावचा एक माणूस सोपाऱ्याच्या बाजारात भेटला. तो म्हणाला, पवार पाळण्यात होते तेव्हाच त्यांची आई वारली.

०

तळेवाडीच्या मुलांना बारापर्यंतचे पाढे कधीही विचारा, धडाधड येतात. तेराचा कुणालाच येत नाही. नवा मास्तर आला की पाया कच्चा नको म्हणून बेपासून सुरुवात करतो, आणि बाराच्या आसपास त्याची बदली होते.

०

वसई रोडचा टांगेवाला निकोलस मास्तरमाणूस पत्र्याच्या ट्रंकेवरून ओळखतो. तळेवाडीला जायचं म्हटलं की जातानाचं भाडं सांगतो आणि परत नेण्याचंही तेव्हाच ठरवून टाकतो.

०

पानवेलीला एक दिवस पाणी चुकलं तर ती सोसते. दोन दिवस चुकलं तर मान टाकते.

०

स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तळेवाडीच्या शाळेवर आलेले हे सातवे मास्तर होते. शरदचंद्र भोर. जुन्नरकडचे, डोंगरातले. वय बावीस-तेवीस, अंगाने काटकुळे, पण हाताचे पंजे मोठे. तुळशीदास चुरी त्यांना घ्यायला टांग्यापर्यंत गेला आणि त्यांची ट्रंक त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली. मास्तर नको नको म्हणत होते. तुळशीदासने ऐकलं नाही. मास्तरची ट्रंक चुरींच्या डोक्यावरूनच गावात येते, हे त्याच्या बापाच्या वेळेपासून ठरलेलं.

गावात शाळा निघाली तेव्हा मास्तर राहणार कुठे हा प्रश्न होता. तुळशीदासच्या बापाने घराची कडेची खोली काढून दिली, तीही फुकट. तेव्हापासून लोक त्या घराला मास्तरांचं घर म्हणत. नारळाची मोठी वाडी असलेला हरिश्चंद्र राऊत शाळा कमिटीचा चेअरमन होता, छत्री घेऊन हिंडायचा, पण मास्तर त्याच्याकडे राहत नसे. तेवढा एक मान तुळशीदासकडे होता. बाकी त्याच्याकडे होती पानवेलीची नि केळीची वाडी, एक रेडा, बायको सुभद्रा आणि चौथीतली मुलगी सुमन.

सुभद्राने खोली सारवून ठेवली होती. खाटेवर नवी चटई टाकली होती. तुळशीदासने खिडकी उघडून दाखवली. खाली बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवायला पूर्वजांनी खणलेलं तळं. काठावर भेंडीची झाडं, भाजीची नव्हे, लाकडाची, आणि खिडकीच्या अगदी खाली रहाट.

"साऱ्या घरात अशी जागा नाय," तुळशीदास म्हणाला. "उन्हाळ्यातसुद्धा वारा येतो. निवांत पडायचं."

मास्तरांनी खिडकीतून पाहिलं आणि छान आहे म्हणाले. ते मनापासून म्हणाले. तेव्हा दुपार होती.

०

बावखल दोघांचं. पलीकडच्या काठावर शेजारच्या फेबियनचा रहाट, अलीकडे तुळशीदासचा. पाण्याच्या पाळ्या आज्यांच्या वेळच्या. फेबियनची दिवसा; तुळशीदासची मध्यरात्रीनंतर सुरू व्हायची ती सूर्य वर येईतो. सुभद्रा रेड्याला जुंपून, झापड बांधून, पाठीवर थाप मारून आत जायची. मग रेडा एकटाच फिरायचा. लाकडी चाकं एकमेकांत फिरायची, मडक्यांची माळ खाली जायची, भरून वर यायची, पन्हळीत ओतायची. पाणी पाटाने वाडीत.

पहाटे उठून तुळशीदास वाडीच्या पार टोकाला, गुडघाभर चिखलात, हातात कुदळ. एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. बोटांच्या बेचक्या पाण्याने कुजायच्या. मधे केळीचं रान, त्यातून रेडा दिसायचा नाही. दिसायची गरजही नव्हती. रहाटाची मधली लाट, म्हणजे आडवा जाड दांडा, आपल्या खोबणीत करकरत फिरायची आणि तो आवाज केळीतून वाडीच्या टोकापर्यंत यायचा. आवाज आहे म्हणजे रेडा चालतोय. आवाज थांबला की तुळशीदास तिथूनच "हो रे!" असं ओरडायचा, आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. बापाने निक्षून सांगितलं होतं, लाटेला तेल दाखवायचं नाही. तळेवाडीत कुणीच दाखवत नसे. ज्याचा रहाट लांब ऐकू जातो त्याची वाडी चांगली पिकते, असं बायका लग्न जमवतानासुद्धा बघायच्या.

तुळशीदासला तो आवाज ऐकूच येत नसे. थांबला की ऐकू यायचा.

०

"बाबा, गुरुजी आज फळ्याला टेकून झोपले."

"डोकं दुखत असंल."

"खडू हातात होता. खडू पडला तेव्हा जागे झाले."

"तू अभ्यास करते का मास्तरवर ध्यान ठेवते?"

"काल खुर्चीत झोपले. परवा हजेरी घेताना. माझं नाव आलं नि पुढचं आलंच नाय."

०

गोष्ट सुमनपाशी थांबली नाही. घरोघर गेली. हरिश्चंद्र राऊत छत्री बगलेत मारून चुरींच्या ओट्यावर येऊन बसला आणि मास्तर घरात नाहीत याची खात्री करून म्हणाला, की डोळे बघ त्याचे, तांबडेलाल. डोंगरातला माणूस, इकडे ताड दिसले, सुटला असेल. तुमच्या घरात राहतो, तुमच्या नाकाला वास येत नाही का?

तुळशीदासला ते लागलं. मास्तरच्या तोंडाला वास म्हणजे घराच्या तोंडाला वास. त्याच संध्याकाळी तो कंदिलात रॉकेल घालायच्या निमित्ताने खोलीत गेला आणि चटईजवळ, खुंटीवरच्या सदऱ्याजवळ, तांब्याजवळ नाक नेऊन आला. रॉकेलखेरीज कशाचाच वास नव्हता. बाहेर आला तर सुभद्रा दारातच.

"मांजरासारखं नाक लावून काय हिंडता? गरीब बिचारा, ताटातलं निम्मं टाकतो. पानी मानवत नसंल."

"पवारालाबी मानवलं नाय. नि तो अलिबागवाला? जाताना तुझ्या पाया पडून रडला. ह्या पान्याला काय झालंय? आपन मेलो का?"

सुभद्रा म्हणाली, मेलो नाही ते दिसतंच आहे.

तरी तुळशीदासने मास्तरांना गाठलं. ओट्यावर बसवून, सुपारी कातरत, कुणाकडे न बघता त्याने ताडीवर भाषण केलं. माणूस परमुलखात एकटा असला की चुकतो, इथपासून लहान पोरांसमोर तरी, इथपर्यंत. मास्तर खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांचे कान लाल झाले. मी घेत नाही, असं ते एकदाच म्हणाले. मग म्हणाले, इथलं पाणी मला जरा जड जातंय, होईल सवय. तुळशीदासला वाटलं, कबूल झाला.

०

माघात वसईहून दिपोटीसाहेब सायकलवरून शाळा तपासायला आले. धोतराला क्लिपा, डोक्यावर टोपी, घामाने निथळत. चौथीला त्यांनी तेरा आठे विचारले. वर्गात माशी घोंगावत होती ती ऐकू आली. तेरा दुणे विचारले. एक पोरगं सव्वीस म्हणालं आणि आपलं बरोबर आलं म्हणून स्वतःच घाबरलं. भोरमास्तर टेबलाला धरून उभे होते आणि त्यांच्या पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या. साहेबांनी ते बघितलं.

नंतर शाळेच्या ओट्यावर कमिटी बसली. शहाळी फोडली. साहेबांनी शहाळं संपवलं, तोंड पुसलं आणि शांतपणे सांगितलं, की हा सातवा मास्तर. तळेवाडीचं नाव निघालं की माणसं स्कूल बोर्डात रजा टाकतात. हा तुम्हाला नको असेल तर सांगा, मी आजच हलवतो. पण आठवा येणार नाही. जागा खाडीपलीकडच्या शाळेला जोडली जाईल आणि मुलं तिकडे जातील. हाही निघून गेला तरी तेच. होळीनंतर मी परत येतो, तेव्हा काय ते ठरवू.

हरिश्चंद्र म्हणाला, हलवा. झोपणारा मास्तर काय कामाचा. आपली पोरं जातील होडीने.

त्याचे दोघे मुलगे दादरला मामाकडे शिकत होते.

तुळशीदास उठून घराकडे निघाला. रस्त्याने येताना त्याच्या डोळ्यांपुढे खाडी होती. भरतीला होडी, ओहोटीला मांडीभर गाळ, पुढे मिठागरांचे बांध. पोर तिकडे जाणार नाही. सुभद्रा पाठवणार नाही, आणि तिला नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. सुमन घरी बसेल, पानांच्या गड्ड्या बांधेल, अबोलीचे गजरे करेल. त्याचं स्वतःचं असंच झालं होतं. दुसरीत असताना मास्तर गेला, दोन वर्षं आला नाही. आला तेव्हा तुळशीदासच्या हातात कुदळ होती. पत्र आलं तर तो अजून बोट ठेवून वाचतो आणि जोडाक्षराला अडतो. सुमन चौथी होऊन वसईला सातवीच्या फायनलपर्यंत जाईल, असं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मनात मात्र ते पक्कं होतं.

रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, की मास्तरला ताक देत जा, ताकाने उतरते.

०

आणि मग लाट मोडली.

पहाटेच्या पाळीत, काड्कन. मडकी एकमेकांवर आपटली, दोन-तीन फुटली. तुळशीदास टोकावरून धावत आला. लाट खोबणीपाशी उभी चिरली होती आणि रेडा झापडीखाली कान हलवत उभा होता.

प्लासिड सुतार दुपारी आला. गावातले सगळे रहाट त्याच्याच हातचे, नाहीतर त्याच्या बापाच्या. त्याने चिरेत नख घातलं, जीभ टाळूला लावून आवाज काढला.

"गेली रे तुळशा. नवी तासाया पायजे. भेंडीचं खोड हाय माझ्याकडं, पन ओलं हाय. होळीला देतो."

"होळीला? वेली जातील माझ्या."

"मंग तू फिर जागेवर. मडकी बांधतो तुला."

फेबियनने दिवसातून घटकाभर आपलं पाणी दिलं, ते केळीलाच पुरलं. वेलींसाठी खांद्यावरून वाहायला लागलं. बांबूची कावड, दोन टोकांना दोन घागरी, बावखलाच्या पायऱ्या उतरायच्या, चढायच्या. पहिल्या दिवशी तुळशीदासच्या खांद्याची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी तिथे गोळा आला. सुभद्रा डोक्यावरून आणत होती. तिची मान आखडली, मग ती सगळीच वळायची, कुणी हाक मारली तरी.

दिवसा हे, आणि रात्री दुसरंच. रात्री घराला झोप येईना. पहिल्या रात्री सुमन उठून बसली आणि विचारू लागली, "बाबा, काय थांबलं?" काही नाही म्हणून तिला निजवली. सुभद्रा उठली, दाराची कडी बघून आली, चूल बघून आली, पुन्हा कडी बघून आली. गोठ्यात रेडा खुराने जमीन उकरत होता. तुळशीदास आढ्याकडे बघत पडून राहिला. सकाळी पानांच्या गड्ड्या बांधता बांधता तो पानांच्या ढिगावरच लवंडला आणि घोरू लागला. सुभद्राने कावडीच्या काठीने ढोसून उठवलं.

मास्तर मात्र उशिरापर्यंत उठेनात. सूर्य वर आला तरी खोलीचं दार बंद. तुळशीदासने कानोसा घेतला. आत माणूस असा श्वास घेत होता, की ऐकणाऱ्यालाही जांभई यावी. दोन दिवस असं झालं. तिसऱ्या दिवशी मास्तर उजाडताच बाहेर आले, धोतर खोचलं आणि कावडीला हात घातला.

तुळशीदासने कावड सोडली नाही. मास्तरने पाणी वाहिलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल, असं त्याचं म्हणणं. मास्तर हसले. आल्यापासून ते हसलेले कुणी बघितले नव्हते.

"आमच्याकडे कडा उतरून पाणी आणतात, भाऊ. हा तर जिनाच आहे."

त्यांनी खरंच तुळशीदासच्या दुप्पट खेपा मारल्या, आंघोळ केली, ताटातलं सगळं खाऊन आणखी भात मागितला आणि शाळेत गेले. संध्याकाळी सुमन धावतच आली. तेरा झाला होता. दोन दिवसांनी चौदा. पुढच्या आठवड्यात मुलं पंधरा-सोळा ओरडत बांधावरून जात होती, आणि गुरुजींनी खाडीची माती आणून तिचा ठाणे जिल्हा केला होता, त्यात तानसा नदीपण होती.

गावाने आपापला अर्थ लावला. हरिश्चंद्र म्हणाला, कान उपटल्याशिवाय माणूस सुधारत नाही. मी तुळशीदासला बोललो नसतो तर हे झालं नसतं. सुभद्राला वाटलं, ताक. तुळशीदासला आपलं भाषण आठवे आणि तो मनातल्या मनात ते आणखी सुधारी.

०

होळीच्या आदल्या दिवशी प्लासिडने नवी लाट बसवली. गडी लावून चाक चढवलं, नवी मडकी बांधली. तुळशीदासच्या सुजलेल्या खांद्याला ती बघूनच बरं वाटलं. नारळ फोडायचा मान त्याने मास्तरांना दिला. मास्तरांनी फोडला. खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन ते काठावर उभे राहिले.

सुभद्राने रेड्याला थाप मारली.

नवं लाकूड, नवी खोबण. तो आवाज असा निघाला, की भेंडीवरचे बगळे उडाले. पलीकडच्या काठावरून फेबियनने हात वर करून दाद दिली. प्लासिडने कानात बोट घालून फिरवलं आणि समाधानाने म्हणाला, "दोन-तीन पावसाळे अशीच गाईल."

"आता रोज?" मास्तरांनी विचारलं.

"रोज, मास्तर," तुळशीदास म्हणाला. "आता काय चिंता नाय."

त्या रात्री चुरींचं घर लाकडासारखं झोपलं.

०

धुळवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीदास वाडीतून आला तर मास्तर खोलीत ट्रंक भरत होते. डोळे पुन्हा तांबडे. एका सदऱ्याची घडी घालून ते ती मोडत होते आणि पुन्हा घालत होते.

"आई आजारी आहे," ते म्हणाले.

तुळशीदासने चिखलाचे पाय तसेच आत टाकले, ट्रंकेचं झाकण लावलं आणि तिच्यावर बसला.

"मास्तर, तुमच्या आईचं पत्र चार दिवसांमागं आलं. तुम्हीच सुभद्रेला वाचून दाखवलं. कोंबड्या घेतल्या म्हनून लिवलेलं."

मास्तर सदऱ्याची बाही सरळ करू लागले.

"ह्या खोलीतून जानाऱ्या सगळ्यांच्या आया आजारी पडतात. ताडीचं बोललो त्याचा राग आला?"

"नाही."

"जेवन?"

"नाही हो. घरीसुद्धा असं जेवलो नाही."

"मंग काय? गावाचं काय चुकतंय ते सांगा नि मंग जा. तुम्ही गेला की शाळा खाडीपलीकडं जाते. माझी पोर घरात बसते. मला कारन तरी ठावं असू दे."

मास्तरांनी सदरा खाटेवर ठेवला. खिडकीकडे बोट केलं.

"रहाट," ते म्हणाले.

"रहाटाचं काय?"

"ओरडतो, भाऊ."

तुळशीदास वाट बघत राहिला. त्याला वाटलं, पुढे काहीतरी आहे.

"ओरडतोच की," तो म्हणाला.

"मला झोप येत नाही. पहिल्या रात्रीपासून. लाट मोडली होती तेवढे दिवस झोपलो. पोरांसमोर उभा राहतो तर पोरं दिसत नाहीत मला, नुसती डोकी पोहतात."

"आनि बोलला नाय?"

"काय बोलू? तुमचं पोट त्याच्यावर. खोली फुकट, जेवण फुकट. ट्रंक डोक्यावरून आणलीत. पाहुण्याने सांगायचं, तुमचा रहाट थांबवा?"

तुळशीदास ट्रंकेवरून उठला नाही. त्याने बसल्या बसल्या खिडकीतून सुभद्राला हाक मारली आणि रेडा जुंपायला सांगितलं. ती खालून म्हणाली, की आता फेबियनची पाळी, डोकं फिरलं का. तो म्हणाला, जुंप गो, सांगतो नंतर. मग उठला, मास्तरांची परवानगी न घेताच चिखलाच्या पायांनी त्यांच्या खाटेवर आडवा झाला आणि डोळे मिटून घेतले.

आधी काहीच ऐकू आलं नाही. पाणी पडल्याचं ऐकू आलं, कावळा ऐकू आला. रहाट नव्हताच. मग त्याने मान जरा वळवली, आणि तो होता. भातात खडा दाताखाली यावा तसा. खडा गेला असं वाटेपर्यंत पुन्हा. दर फेऱ्याला एकदा लांब, मग दोनदा तुटक, मग पुन्हा लांब, आणि लांब कधी येणार याची कान वाट बघत राही. खाटेचे पाय थरथरत होते. पवार, अलिबागवाला, तो राजापूरचा पोरगा, जो शेवटी शेवटी स्वतःशीच बोलायचा. इथे, ह्याच खाटेवर. आणि सकाळी आपण त्यांना विचारायचो, वारा लागला ना बरा?

"थांबीव," तो खिडकीतून ओरडला. "थांबीव गो आधी."

सुभद्रा वर आली तेव्हा दोघंही खाटेवर बसले होते आणि मास्तर त्याला पाणी देत होते. सगळं कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता खाली बसली. ताक मी उगाच घालवलं, म्हणाली. आणि मग मास्तरांकडे बघून तिने ट्रंक उघडली आणि सदरे पुन्हा खुंटीला लावायला घेतले.

०

तेल घालायचं ठरलं. प्लासिडला बोलावलं, तर तो दुखावला. नवी कोरी लाट, अशी गाते, आणि हिचं तोंड बांधायचं? मग म्हणाला, तुझं लाकूड, तुझं तेल. माझं नाव मात्र सांगू नको. उंडीच्या बियांचं तेल खोबणीत ओतलं. लाट गपगार फिरू लागली. मडक्यांतून पाणी पडल्याचा तेवढा आवाज.

रेडा चार पावलं चालला आणि थांबला. थाप मारली, चालला, थांबला. त्याचंही बरोबर होतं. जन्मभर आवाज बंद म्हणजे काम बंद, हेच त्याला माहीत. त्याला आता कुणीतरी सोबत पाहिजे होतं, सतत बोलणारं. सुमन तयार झाली. तुळशीदासने नाही म्हटलं. पहाटे रेड्यामागे फिरणारी पोर शाळेत झोपेल. मग इतकं केलं कशाला?

म्हणून तुळशीदास फिरू लागला, आणि वाफ्यांवर कुदळ घेऊन सुभद्रा उभी राहिली. रेड्याशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हे त्याला पहिल्या दिवशी सुचेना. नुसतं हो-हो करून घसा बसला. मग तो हळू आवाजात गावातल्या बातम्या सांगू लागला. हरिश्चंद्राची छत्री फाटली. फेबियनच्या रिटाचं लग्न ठरलं, नवरा नंदाखाल गावचा. पानाचा भाव पडला. रेडा कान मागे करून ऐकत चालायचा. टोकावरच्या सुभद्राला काहीच ऐकू येत नसे. पाटाचं पाणी बारीक झालं की ती समजायची, तुळशीदासच्या बातम्या संपल्या.

"लग्नाला बारा वर्षं झाली," ती बायकांना सांगायची. "मला एवढं कधी सांगितलं नाय. रेड्याचं नशीब."

गावात हसले पुष्कळ. मुका रहाट म्हणून नाव पडलं. हरिश्चंद्र ओट्यावर येऊन म्हणाला, मास्तरसाठी रेड्यामागे फिरणारा मी पहिलाच माणूस बघतो. तुळशीदासने त्याला सुपारी दिली. पायाच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, तळव्यांना भेगा पडल्या होत्या, आणि हरिश्चंद्राचं बोलणं त्याला कुठेच लागलं नाही. तो म्हणाला, सतराचा पाढा झाला काल.

दिपोटीसाहेब आले ते दुपारच्या उन्हात. तेरा आठे विचारले. साऱ्या वर्गाने एकदम उत्तर दिलं, आणि न विचारता पुढचं सगळं म्हणून टाकलं. साहेबांनी हात वर करेपर्यंत ते पंधरात शिरले होते. सुमनला त्यांनी नकाशा दाखवायला सांगितला. ती म्हणाली, कागदावरचा की मातीचा? साहेब मागच्या अंगणात जाऊन मातीचा ठाणे जिल्हा बघून आले. कमिटीकडे वळून त्यांनी विचारलं, मास्तरांबद्दल काय ठरलं तुमचं?

हरिश्चंद्र खाकरला. तुळशीदास त्याच्याआधी उठला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"साहेब, मास्तर चांगलेच होते," तो म्हणाला. "सगळेच."

साहेबांना ते नीट कळलं नाही. ते म्हणाले, बरं मग, शाळा राहू दे, आणि सायकलला टांग मारली.

संध्याकाळी तुळशीदास बावखलाच्या पायरीवर पाय सोडून बसला. पलीकडे फेबियनचा रहाट पाळी संपवत होता, करकरत. आता तो त्याला दररोज ऐकू यायचा. वरच्या खिडकीत मास्तर वह्या तपासत होते. खाली सुमन पाय धूत होती आणि वसईच्या शाळेला निळा परकर लागतो का पांढरा, हे आईला विचारत होती. सुभद्रा म्हणाली, आधी चौथी तर हो. पण बाजारातून कापड आणायचं तिने त्याच आठवड्यात ठरवलं होतं.

०

पवारमास्तर ज्या दिवशी आले, त्याच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि वाडीला पाणी नको होतं. तरी नव्या जागी पाहुण्याला त्या आवाजाने झोप लागावी म्हणून तुळशीदासने रात्रभर रहाट चालू ठेवला होता.